बारावी वाटी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. एक तर यात मी फार काही चांगला दिसत नाही. दुसरं म्हणजे सतेज म्हणेल, आमच्या घरातलं चव्हाट्यावर मांडलंस. शेवटी त्यालाच फोन केला. तो म्हणाला, "लिही की. पण कवळीचा भाग गाळू नको." म्हणून लिहितोय. कवळी येतीय पुढं.

सात वर्षं झाली. संक्रांतीनंतरचा शुक्रवार. मी फ्लेक्सच्या दुकानातनं घरी आलो तर आई दारात उभी. मुठीत मीठ-मोहऱ्या.

"थांब तिथंच. आत येऊ नको."

मला वाटलं मेलो, हिला सापडलं वाटतं काहीतरी. तर तिनं माझ्यावरून मूठ उतरवली. तीनदा. माझी दृष्ट काढली तिनं! मला दहावीला बेचाळीस टक्के पडल्यापासून आमच्या घरात माझी दृष्ट काढायची कधी गरजच पडली नव्हती.

"काय झालं आई?"

"कुठं काय? सगळ्या बायका विचारत होत्या, हर्षदला हे कुणी सुचवलं? मी म्हणलं कुणी नाही, त्याच्याच मनातनं आलं."

"काय आलं माझ्या मनातनं?"

"बघा! वर साळसूद." आणि माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "मी सांगितली होती गाळणी. आणि पोरानं आणल्या निळ्या वाट्या! कमळासारख्या! पाटणकर वहिनी वाटी हातात घेऊन दोन मिनटं गप्प बसली रे. ती बाई दोन मिनटं गप्प!"

मी बूट न काढता आत पळालो, दिवाणाखाली डोकं घातलं. खोकं होतं. खोक्यात फक्त वर्तमानपत्राचे कागद होते, छान घड्या घालून ठेवलेले, रद्दीत द्यायला.

आता थांबा, आधी वाट्यांचं सांगतो, नाहीतर मी का रडकुंडीला आलो ते कळायचं नाही.

मला जुन्या रंगीत काचेचा नाद आहे. तेव्हापासूनच. कुणी शिकवलं नाही. आमच्या कऱ्हाडच्या बाजूला एकेकाळी काचेचा कारखाना होता, त्यामुळं असेल, जुन्या घरांच्या माळ्यावर अजून कायकाय निघतं. हिरव्या बरण्या, मधाच्या रंगाचे पेले, दिव्यांच्या चिमण्या. मी ते भंगारवाल्याकडनं, बाजारातनं गोळा करायचो आणि खिडकीत मांडून ठेवायचो. ऊन आलं की भिंतीवर रंग पडतात. मला बघत बसायला आवडायचं. आईला नाही. आईनं दिवाळीत जाहीर केलं होतं, "आता एक जरी बाटली घरात आली तर मी माहेरी जाईन." तिचं माहेर तीन गल्ल्या सोडून आहे, पण तरी.

त्यात या निळ्या वाट्या. आठ पाकळ्या, मोराच्या मानेसारखा निळा, तळाला एक बारीक चांदणी. कुठल्या कारखान्याच्या ते आजतागायत कळलेलं नाही. पहिल्या चार बाजारात मिळाल्या. पाच एका बंद पडलेल्या लॉजच्या भांड्यांत. दोन साताऱ्याला. बारावीत एक पानवाला चुना ठेवायचा. त्याला स्टीलचा नवा डबा दिला आणि ती घेतली. चौदा महिने लागले डझन व्हायला.

आणि हे सगळं कशासाठी, तर सांगलीच्या वाळिंबे सरांच्या लाल हंडीसाठी. वाळिंबे सर म्हणजे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, रिटायर झाल्यावर काच गोळा करतात. त्यांच्याकडं छताला टांगायची जुनी हंडी होती, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. आत दिवा लावला की सगळी खोली डाळिंब. ते विकत नव्हते. पण माझ्या वाट्यांचा फोटो बघून म्हणाले, "बारा द्या, हंडी न्या. अकरा नकोत. डझन म्हणजे डझन." रविवारी सकाळी अकराला ते स्वतः येणार होते.

म्हणजे परवा.

आता वाण. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका एकमेकींना वाण म्हणून काहीतरी वस्तू देतात, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या लायनीत अकरा घरं. आईनं मला सांगितलेलं, "अकरा गाळणी आण, चहाची." मी आणली. पिशवीतनं. दुकानदाराकडं गाळण्यांचं रिकामं खोकं होतं, जाड पुठ्ठ्याचं, तेही मागून घेतलं. त्यात वाट्या बसवल्या आणि दिवाणाखाली सरकवल्या. म्हणलं, खोक्यावर गाळण्यांचं चित्र, आई हात लावायची नाही. आणि गाळण्यांची पिशवी राहिली दुकानात, माझ्या खुर्चीमागं.

हुशारी. दुसरं काय.

तेव्हाच आईला खरं सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं पण होतं मी. तेवढ्यात ती स्वयंपाकघरातनं म्हणाली, "हात धू. तुझ्यासाठी गुळाची पोळी केलीय." उरलेली नाही, मुद्दाम केलेली. मी हात धुतले.

मग गच्चीत जाऊन सतेजला फोन लावला.

सतेज माने. माझा पहिलीपासूनचा दोस्त. कॉलनीच्या टोकाचं घर त्याचं, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले. आता घरात तो आणि शैलाकाकू, त्याची आई. एकेकाळी अख्ख्या कॉलनीतल्या बाळांना हलव्याचे दागिने काकूच करून द्यायच्या. आता त्या फारशा बाहेर पडत नव्हत्या.

सतेजला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. तो एरवी अंत्ययात्रेत पण हसतो.

"किती गेल्या?" त्यानं विचारलं.

"बारा."

"बाराही?"

"हो रे. अकरा घरं, आणि वाट्या बारा. बारावी कुणाला दिली कळेना. आईला विचारू शकत नाही."

मग तो म्हणाला, "सकाळी येतो. आधी अकरा करू. बारावी माझ्यावर सोड."

शनिवारी सकाळी दुकानातनं गाळण्यांची पिशवी घेतली आणि त्याच्या स्कूटरवर निघालो. प्लॅन असा काही नव्हताच. वाटी मागायची, गाळणं द्यायचं.

पहिलं घर पाटणकर काकूंचं. दार उघडलं आजोबांनी. काहीतरी बोलले, कळलं नाही, कारण तोंडात दात नव्हते. दात कुठं होते? टीपॉयवर. माझ्या निळ्या वाटीत. पाण्यात. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या, आठ पाकळ्यांच्या मधोमध, माझ्याकडं बघून हसत होत्या.

सतेज मागं वळला आणि भिंतीला टेकून थरथरायला लागला.

"काकू, ती वाटी जरा..." मी म्हणलं.

"काय रे? किती सुरेख दिलीस! मामंजींचे दात कसे खुलून दिसतात बघ."

"ती परत पाहिजे होती."

काकूंचा चेहरा बदलला. "वाण परत मागतात होय रे? दिलेलं वाण? ऐकलंयस का कधी?"

नव्हतं ऐकलं. कुणीच ऐकलेलं नाही. तेवढ्यात मागनं सतेज, डोळे पुसत, एकदम गंभीर आवाजात म्हणाला, "काकू, त्या रंगात दोष निघालाय. दुकानदाराचा फोन आला. बदली माल देतोय." आणि गाळणं पुढं केलं.

आजोबांनी वाटीकडं बघितलं. मग आमच्याकडं. मग दोन बोटांनी कवळी उचलून नळाकडं जे पळाले, ऐंशी वर्षांचा माणूस!

वाटी हातात आली. जिन्यात मी म्हणलं, "अरे, काय बोललास तू?"

"मिळाली ना? बस मागं."

दुसऱ्या घरात रेश्मा वहिनी. त्यांना पण तेच सांगितलं. त्यांनी पोट धरलं. "अगं बाई! मी आत्ता त्यात शिकरण खाल्लं!"

"काही होत नाही वहिनी," मी म्हणलं, "नुसता रंग..."

"मळमळतंय मला. केव्हापासून मळमळतंय!"

तिथून पुढं आम्हाला काही सांगावंच लागलं नाही. आमच्या स्कूटरच्या पुढं बातमी पळत होती. चौथ्या घरी वाटी उंबऱ्याबाहेर पायपुसण्यावर ठेवलेली. पाचव्या घरी बाई सांडशीत धरून उभी. सहाव्या घरी वाटी मिठाच्या पाण्यात बुडवून वर ताट झाकलेलं. नवव्या घरी वहिनी दार न उघडता खिडकीतनं ओरडल्या, "गॅलरीत आहे, तिकडनंच घेऊन जा! आणि ते गाळणं तरी नीट आहे का?"

दोन तासांत अकरा वाट्या. एकीला टवका नाही. मी स्कूटरवर मागं खोकं मांडीवर धरून गाणं म्हणत होतो, खोटं का सांगू.

"आता बारावी," मी म्हणलं. "कुठाय?"

"बघतो म्हणलं ना." सतेज पुढं बघून गाडी चालवत होता. "तू घरी जा. मी दुपारी सांगतो."

"दुपारी का? आत्ता जाऊ की."

"लका, सांगतो म्हणलं ना."

घराच्या फाटकात आई उभी होती. हातात मोबाईल. तिनं काही न बोलता तो माझ्यापुढं धरला. भगिनी मंडळाच्या ग्रुपवर रेश्मा वहिनीचा मेसेज: "वनिताकडच्या वाणातून विषबाधा. सर्वांनी मिठाचे पाणी प्यावे. घाबरू नये." वनिता म्हणजे आमची आई. खाली नऊ जणींनी हात जोडले होते.

सतेजनं गाडी वळवली पण. मित्र असावा तर असा.

"आत ये," आई म्हणाली.

आत गेलो आणि सगळं सांगितलं. वाळिंबे सर, हंडी, खोकं, पिशवी, दोष, सगळं. मला वाटलं ओरडेल. लाटणं कुठं आहे ते पण बघून ठेवलं होतं मी. पण ती दिवाणावर बसली. खोक्यातली एक वाटी उचलून हातात घेतली.

"म्हणजे तू वाणासाठी आणल्याच नव्हत्या."

"नाही."

"आणि बारा मोजून आणल्या होत्या, ते?"

"डझनाचा सेट असतो आई."

"हं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी अकरा सांगितली होती. खोकं उघडलं तर बारा. मला वाटलं, तू शैलाची धरून आणलीस."

"कोण शैला?"

"कोण शैला! सतेजची आई. दोन वर्षांमागं मी बाराच वाणं आणायची. तिचे मालक गेले आणि मी अकरा आणायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं मला. आपोआप अकरा म्हणायला लागले तोंडानं." तिनं वाटी खोक्यात ठेवली. "वाट्या मोजल्या आणि मला माझीच लाज वाटली. म्हणलं, पोराच्या डोक्यात येतं आणि आपल्या नाही. हातात गाळणं असतं तर माझा धीर पण झाला नसता, खरं सांगते. पण ती वाटी इतकी देखणी होती... तशीच उठले आणि तिला बोलावून आणलं. नको नको म्हणत होती. कुंकू लावायला गेले तर मागं सरली. मग केलं कपाळ पुढं."

"पाटणकर काकू काही बोलल्या नाहीत?"

"तोंड वाकडं केलं. म्हणलं, तिळगूळ खा आणि गोड बोल." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "शैलाला मी सांगितलंय, हर्षदनं तुझी धरून बारा आणल्यात. आता काय करायचं ते तू बघ. पण आधी या अकरा परत देऊन ये. आणि खरं सांग प्रत्येकीला."

गेलो. अकरा घरं, उलट्या क्रमानं, एकटाच. गंमत सांगू? एकीनं पण वाटी परत घेतली नाही. "आईनं शिकवून पाठवलं होय?" "नको रे बाबा, गाळणं बरंय." रेश्मा वहिनींसमोर मी वाटीतनं पाणी पिऊन दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "तरुण माणसाला पचतं." पाटणकर आजोबांनी तर मला बघून दारच लावून घेतलं. सकाळचं खोटं अकराही जणींनी मानलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दारोदार खरं सांगत फिरलो तर एकीला पटेना.

म्हणजे अकरा वाट्या माझ्याच. हक्काच्या. एक बाकी.

आणि आता जे लिहायचं नव्हतं ते. पाच वाजता मी शैलाकाकूंकडं गेलो तो वाटी मागायलाच गेलो होतो. आईनं एवढं सांगितल्यावर पण. मनात म्हणत होतो, काकूंना दुसरं काहीतरी छान आणून देऊ, साडी देऊ, स्टीलचा डबा देऊ. पानवाल्याला दिलाच होता की. डोळ्यांसमोर नुसती लाल हंडी.

दार उघडंच होतं. काकू स्वयंपाकघरात, गॅस अगदी बारीक, त्यावर परात. परातीत तीळ. चमच्यानं थेंबथेंब पाक सोडायच्या आणि बोटांनी हलवायच्या. हलवा करत होत्या. दोन वर्षांनी. शेजारी ओट्यावर निळी वाटी, आणि त्यात आधीचा घाणा झालेला हलवा, पांढराशुभ्र, एकेक दाण्याला काटे. खिडकीतनं ऊन येत होतं तिच्यावर. चौदा महिने मी त्या वाट्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. भरलेली वाटी मी पहिल्यांदाच बघत होतो. कवळ्या सोडल्या तर.

"ये रे हर्षद. बस." त्यांच्या कपाळावर कालच्या कुंकवाचा फिकट डाग होता. "तुला देणार होते हलवा, पण आता द्यावा की नको कळेना. रेश्माचा मेसेज आलाय. वाटी विषारी आहे म्हणे."

"नाही काकू, तसं..."

"असू दे असली तर. मला दिलेलं वाण आहे ते. मी नाही देणार परत." परातीकडं बघतच म्हणाल्या, हळू, पण अशा की पुढं बोलायची सोय नाही. मग हसल्या. "सतेज पण दुपारी आला होता मागायला. त्याला चमचा फेकून मारला."

मी वाटीत हात घातला आणि मूठभर हलवा तोंडात कोंबला. काट्यांनी टाळू सोलवटली.

"अरे, सावकाश! विष नसलं तरी ठसका लागेल." पाणी दिलं त्यांनी. मग परातीत बोटं फिरवत फिरवत विचारलं, "वनिता म्हणाली, तू माझी धरून बारा आणल्यास. खरं?"

तोंडात हलवा होता. तो चावायला मला जरा वेळ लागला.

"हो काकू," मी म्हणलं. "मोजूनच आणल्या."

अकरा घरांचं एकेक धरलं तर त्या दिवसातलं माझं ते बारावं खोटं. ते मात्र मी कुठं जाऊन दुरुस्त केलेलं नाही.

बाहेर आलो तर सतेज पायरीवर बसलेला, कपाळाला टेंगूळ. मी शेजारी बसलो आणि त्याच्यासमोरच वाळिंबे सरांना फोन लावला.

"सर, सेट अकराचाच आहे."

"बारावी फुटली?"

"नाही. वापरात आहे."

"वापरात!" सर इतक्या जोरात ओरडले की सतेजला पण ऐकू गेलं. "अहो, वापरात असली तर ती भांडी झाली!" आणि फोन ठेवला. हंडी गेली. नंतर कळलं, पुण्याच्या कुणीतरी नेली.

"तुला माहीत होतं," मी सतेजला म्हणलं. "कालपासनं."

"काल तुझा फोन आला तेव्हा ती आतल्या खोलीत ती वाटी हातात घेऊन बसली होती. उजेडाकडं धरून फिरवत होती, तू करतोस तसं. येड्यासारखं." तो जरा हसला. "दुपारी मागून बघितली रे तुझ्यासाठी. म्हणलं, दोस्ताची वस्तू आहे. तर ओरडली माझ्यावर. दोन वर्षांत पहिल्यांदा ओरडली लका. एवढं बरं वाटलं."

आतनं परातीत तीळ फिरल्याचा आवाज येत होता. सतेज टेंगूळ चोळत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "हर्षा, एक विचारू? यंदा वाटी उरली म्हणून बोलावलं. पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पण."

"तुझी आई विसरली तर?"

"बोलावणं करायला मी येतो. दारात उभा राहून ओरडतो, हळदीकुंकवाला बोलावलंय म्हणून. दर वर्षी."

"बायकांच्या कार्यक्रमाला तू?"

"मी."

तो माझ्याकडं वळला. "आणि वाण काय देणार?"

"ते बघू की अजून."

"बघू नाही. आत्ता सांग." आता तो हसायला लागला होता, सकाळी पाटणकरांच्या भिंतीला टेकून हसत होता तसा. "एवढं सगळं झाल्यावर ती नटूनथटून यायची, आणि तू हातावर टेकवशील..."

"नाही टेकवणार," मी म्हणलं. "गळ्याची शपथ. तुझ्या आईला मी जन्मात कधी गाळणं देणार नाही."